पहिल्या पीसला उभं राहणं

'अण्णा, आता ही ओळ मी मुद्दाम चुकवतो हां,' वृषाली म्हणाली आणि तिनं एक कळ दाबली.

वृषाली खोत कागलची. तिकडच्या मुली 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. आमच्याकडे कामाला लागून तिला जेमतेम सात महिने झाले होते.

स्क्रीनवरची ओळ लाल झाली. खाली स्वच्छ मराठीत अक्षरं उमटली: 'स्पिंडल सुरू नाही, आणि टूल पुढे जातंय.' म्हणजे मशिनवरचा धातूचा तुकडा, आमच्या भाषेत जॉब, फिरतच नाही आणि कापायचं हत्यार मात्र त्याच्यावर चाललंय. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, खुर्ची पुढे ओढली आणि स्वतः एक आकडा बदलून पाहिला. ती ओळही लाल झाली.

'कधी केलंस हे?'

'शनिवारी दुपारी बसलो. काल संध्याकाळी झालं.'

'दोन दिवसांत?'

'दीडच म्हणा की,' ती हसून म्हणाली. 'टेम्प्लेट होतं ना तयार.'

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराशी उभा होतो. 'सुकुमार, तुझं कुठवर आलंय रे?'

'चाललंय,' मी म्हणालो.

चाललंय म्हणजे काय, ते सांगतो. याला आता आठ वर्षं होतील. शिरोलीच्या एमआयडीसीत अण्णांचं वर्कशॉप होतं. फौंड्रीतून लोखंडाची ओबडधोबड ओतीव कास्टिंग यायची आणि आमच्या अकरा कॉम्प्युटर-लेथवर त्यांचे पंपाचे पार्ट व्हायचे. मशिननं काय करायचं याचा प्रोग्रॅम म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. ते आम्ही वरच्या ऑफिसात साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहायचो. हे काम नऊ वर्षं माझ्याकडे होतं. एक आकडा चुकला तर खाली टूल मोडायचं. म्हणून अण्णांनी पाच महिन्यांपूर्वी मला सांगितलं होतं, 'त्या एडिटरलाच काहीतरी जोड. चूक लिहितानाच दिसली पाहिजे.' एडिटरला असं काहीतरी जोडतात त्याला प्लगइन म्हणतात.

मी पाच महिने ते प्लगइन पायापासून बांधत होतो. रंग कसा द्यायचा, ओळ कशी वाचायची, सगळं माझं मी. रविवारीसुद्धा घरी पाट मांडून तेच. बायको म्हणायची, तुमचं झालं की मला बोलवा, आरती करते. आणि या मुलीनं नेटवरून एक तयार सांगाडा, तेच ते टेम्प्लेट, फुकट उतरवला, रिकाम्या जागा भरल्या आणि सोमवारी सकाळी येऊन दाखवला.

'शाबास,' अण्णा म्हणाले. नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी एकदाच ऐकला होता, आणि तो नव्या कंप्रेसरला उद्देशून होता.

माझ्या पोटात दुखलं. उगाच सभ्य शब्द वापरत नाही. मत्सर वाटला, आणि तो इतका वाटला की मी चहा न घेताच जागेवर येऊन बसलो.

ती माझ्यामागोमाग आली. हातात माझी निळी वही होती.

त्या वहीचंही सांगायला हवं. खालच्या ऑपरेटरांशी बोलून, मोडलेल्या प्रत्येक टूलची चौकशी करून मी तिच्यात बेचाळीस नियम उतरवले होते. कुठली चूक कशानं होते, मशीन तेव्हा काय करतं. शुक्रवारी वृषालीनं ती मागितली तेव्हा मी लगेच दिली. खरं कारण असं की, कामाचा आवाका पाहून तिचे डोळे पांढरे व्हावेत, अशी माझी इच्छा होती.

'सर, तुमची वही. ही नसती तर काहीच झालं नसतं,' ती म्हणाली.

'हं.'

'टेम्प्लेट बघायचंय का? लई सोपं आहे. पहिल्याच फाईलमध्ये तीन जागा भरायच्या असतात, प्लगइनचं नाव, करणाऱ्याचं नाव आणि थोडी माहिती. ती एकदा तुम्ही बघा ना. मी आत्ता उघडतो.'

'रेडिमेड शर्ट आणून मी शिवला म्हणतात का गं?' मी म्हणालो.

तिनं वही टेबलावर ठेवली. 'तसं नाही सर. शर्ट त्यांचा, पण माप तुमचंच आहे की.'

उत्तर चांगलं होतं, म्हणून मला आणखी राग आला. 'मला काम आहे,' मी म्हणालो. ती गेली.

काम कसलं? तिचं प्लगइन सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेलं होतं. दुपारी सगळे डबे खायला गेल्यावर मी ते उघडलं आणि चूक शोधायला बसलो. शिकायला नव्हे, हे आधीच कबूल करतो. ती सांगत होती ती पहिली फाईल मी उघडलीसुद्धा नाही. तिथं तिचं नाव असणार, ते कशाला वाचा? मी थेट आतल्या भागात शिरलो.

काम नीट होतं. तेच तर सोसत नव्हतं. माझे बेचाळीस नियम तिनं क्रमानं मांडले होते, प्रत्येकापुढे माझ्या वहीचा पान नंबर. जेवणाची सुट्टी संपत आली तरी बोट ठेवायला जागा मिळेना. आणि मग शेवटी, अगदी तळाशी, मला ते सापडलं.

टेम्प्लेट करणाऱ्यानं नमुना म्हणून एक सोय घालून ठेवली होती. फाईल सेव्ह केली की ती आपोआप साफसूफ व्हायची. ओळीच्या टोकाच्या मोकळ्या जागा जायच्या, आणि आकड्यापुढे नुसतंच टिंब असेल तर तेही जायचं. पन्नास आणि पुढे टिंब असलं की नुसते पन्नास राहायचे. जगात बाकी कुठे याचं कोणाला काही वाटणार नाही. आमच्या मशिनला मात्र पन्नासपुढे टिंब म्हणजे पन्नास मिलिमीटर, आणि टिंब नसेल तर पन्नास मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीइतकं. पन्नास मिलिमीटरवर थांबायचं टूल थेट जॉबच्या मध्यावर धावत जाणार. माझ्या वहीतला पहिला नियम हाच होता, टिंब पाहा.

तिनं तो नियम घातला होता. पण तपासणी आधी व्हायची आणि साफसफाई नंतर. म्हणजे प्लगइन सगळं बरोबर असल्याची हिरवी खूण दाखवायचं, आणि त्याच क्षणी टिंबं पुसून टाकायचं. टेम्प्लेटमधल्या या नमुन्याच्या सोयी काढून टाकायच्या असतात. तिनं बाकीच्या काढल्या होत्या. ही राहून गेली.

मी खात्री करून पाहिली. एक जुना प्रोग्रॅम उघडला, सेव्ह केला. टिंबं गेली. मला इतका आनंद झाला की मी उठून खिडकीशी गेलो आणि उगाचच बाहेर उभ्या असलेल्या टेम्पोकडे पाहत राहिलो.

वृषाली डबा खाऊन आली तेव्हा माझ्या स्क्रीनवर तिचंच काम होतं. 'बघताय सर?' तिचा चेहरा खुलला. 'काही चुकलं असेल तर सांगा हां.'

'बघतोय,' मी म्हणालो आणि ते बंद केलं.

सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण बुधवारी सकाळी अण्णा सगळ्यांना एकत्र बसवत. मी ठरवलं, तिथं सांगायचं. सगळ्यांसमोर जुना प्रोग्रॅम उघडायचा, सेव्ह करायचा आणि अण्णांना म्हणायचं, आता टिंबं मोजा. ते 'शाबास' मला तिच्याकडून परत हवं होतं. दोन दिवसांचा तर प्रश्न, तोवर हे फक्त स्क्रीनवरच राहणार, असं मी धरून चाललो.

मंगळवारी अकराच्या सुमारास अण्णा खालून ओरडून म्हणाले, 'वृषाली, चार नंबरवर आजच लावून बघू गं तुझं. जुनाच पार्ट आहे.'

चार नंबर म्हणजे हिंदुराव मिस्त्रींचं मशीन. हिंदुराव माझ्याही आधीपासूनचे. डोक्याला कायम टॉवेल, आणि मशीनशी बोलायची सवय. त्यांचं मशीन जुनं, दाराची काच धुरकट झालेली. जॉब दिसत नाही म्हणून ते दार हातभर उघडं ठेवूनच चालवत.

मी ऐकलं, आणि बसून राहिलो. मनाला समजावलं की नवा प्रोग्रॅम हिंदुराव आधी हवेत चालवून बघतात. जॉब न लावता, एकेक ओळ. टूल भलतीकडे गेलं की त्यांना कळेल, ते थांबवतील, वर येऊन चार शिव्या घालतील. म्हणजे माझं काम बुधवारऐवजी मंगळवारीच होईल, आणि तेही माझा हात न लागता. इतकं सोयीचं मला दुसऱ्या कुणासाठी कधी सुचलं नव्हतं.

एक गोष्ट मी विसरलो. हवेत चालवतात तो नवा प्रोग्रॅम. हा जुना होता, हजारो पार्ट काढलेला. वृषालीनं तो फक्त प्लगइनमध्ये उघडला, हिरवी खूण पाहिली, सेव्ह केला आणि पेनड्राइव्हवर घातला. तो हवेत कोण चालवणार?

पाचेक मिनिटांनी ती माझ्या टेबलाशी आली. केस घट्ट बांधलेले, पायात सेफ्टी शूज.

'सर, चला ना. पहिला पीस आहे.'

आमच्याकडे एक रीत होती. अण्णांच्या वडिलांनी घातलेली. काहीही नवं मशीनवर लागलं की पहिल्या पीसला ते लिहिणाऱ्यानं मशीनपाशी उभं राहायचं, ऑपरेटरच्या शेजारी. ज्याचं नाव, त्यानं खाली यायचं. लेखणी वर आणि जोखीम खाली, असं म्हाताऱ्याला चालत नसे. मी नऊ वर्षं प्रत्येक पहिल्या पीसला उभा राहिलो होतो.

'तुझं काम आहे,' मी म्हणालो. 'तू उभी राहा.'

'तसं नव्हे सर. आपण दोघांनी राहायला पाहिजे ना.'

मला वाटलं, हिला प्रेक्षक हवाय. अण्णा झाले, आता मी उरलो.

'मला नको बोलवू त्यात,' मी म्हणालो. माझा आवाज जरा चढला असावा, कारण शेजारच्या टेबलावरच्या अकाउंटंट बाईंनी वर पाहिलं.

'बरं,' वृषाली म्हणाली. ती जिन्यापर्यंत गेली आणि वळली. 'सर, काल तुम्ही बघितलंत ना? सगळं ठीक होतं ना?'

इथं मी बोलू शकलो असतो. आठ वर्षं झाली, तो जिना माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ती एक पायरी खाली, हात कठड्यावर, आणि मी खुर्चीत.

'ठीक होतं,' मी म्हणालो.

ती गेली. मी घड्याळ पाहिलं. मग उठलो. खाली जाऊन थांबवावं असं मनात आलं, हे खरं आहे, आणि दोन पावलं टाकून मी पाण्याच्या फिल्टरकडे वळलो, हेही खरं आहे. हिंदुराव आहेत, हवेत चालवतील. मी ग्लास भरला.

आवाज मोठा नव्हता. आधी एक घण घातल्यासारखा ठोका, मग काहीतरी पत्र्यावर आपटल्याचा, आणि मग अकराच्या अकरा मशिनांत एक मशीन गप्प झाल्याचं जाणवलं. नंतर हिंदुरावांची हाक ऐकू आली. 'अण्णा! पोरीला लागलं!'

मी खाली पोचलो तेव्हा ती जमिनीवर बसली होती आणि हिंदुरावांनी डोक्याचा टॉवेल सोडून तिच्या कपाळावर दाबून धरला होता. टॉवेल लाल होत होता. टूल धावत जाऊन कास्टिंगच्या तोंडावर आदळलं होतं, त्याचं टोक फुटलं होतं आणि टोकाचा तुकडा दाराच्या त्या हातभर फटीतून बाहेर आला होता. भुवईच्या वर लागला. बोटभर खाली लागला असता तर डोळा गेला असता.

'जुना प्रोग्रॅम म्हनून मी हवंत फिरवला न्हाई वो,' हिंदुराव सारखे म्हणत होते. 'माझी चूक हाय. दार बी उघडं हुतं.'

वृषाली मशीनच्या स्क्रीनकडे बघत होती. एका डोळ्यानं. 'टिंबं नाहीत,' ती हळू आवाजात म्हणाली. 'अण्णा, टिंबं गेलीत. ते टेम्प्लेटमधलं राहिलं असणार. माझी चूक आहे.'

'आणि हे कोणीच तपासलं नाही?' अण्णांनी विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'सुकुमार?'

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, 'सरांनी बघितलं होतं काल. एवढं बारीक होतं, त्यांनाही दिसलं नाही. त्यांना दिसलं असतं तर त्यांनी सांगितलंच असतं की.'

सगळे माझ्याकडे बघत होते. तीही.

'नाही दिसलं,' मी म्हणालो.

अण्णांच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. पाच टाके पडले. दुसऱ्या दिवशी कागलहून तिचे वडील आले. शाळेत शिपाई होते, हातात टोपी घेऊन अण्णांसमोर उभे राहिले आणि 'पोरीला आता मशीनच्या कामावर नको' एवढंच म्हणाले. अण्णांनी पुष्कळ समजावलं. ती सामान न्यायलासुद्धा आली नाही. तिचा डबा आणि सेफ्टी शूज वडिलांनीच पिशवीत घालून नेले.

बुधवारची बैठक झाली नाही. मला जे सांगायचं होतं ते आता सगळ्यांना माहीत होतं.

आठवड्यानं अण्णा माझ्या टेबलाशी आले. 'ते प्लगइन आता तूच पुरं कर,' ते म्हणाले. 'काम चांगलं आहे, वाया नको जायला. तेवढी ती भानगड काढ, आणि नाव तुझं घाल. आता तूच बघणार आहेस सगळं.'

पाच महिने मला जे हवं होतं, ते अण्णा उभ्या उभ्या देऊन गेले.

ती भानगड काढायला चार ओळी खोडाव्या लागल्या. चहा थंड व्हायच्या आत झालं. मग नाव घालायला मी ती पहिली फाईल उघडली. वृषाली उघडून दाखवत होती तीच, तीन जागांची.

प्लगइनच्या नावाच्या जागी 'निळी वही' असं होतं.

करणाऱ्याच्या जागी दोन नावं होती. पहिलं सुकुमार मगदूम. त्याखाली वृषाली खोत.

माहितीच्या जागी एकच ओळ होती. 'मगदूम सरांनी नऊ वर्षांत गोळा केलेल्या बेचाळीस नियमांवरून.'

फाईलवर तारीख शनिवारची होती, वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. बाकीच्या सगळ्या फाईली त्यानंतरच्या. म्हणजे कामाची एक ओळही लिहायच्या आधी तिनं हे लिहिलं होतं. आपण दोघांनी राहायला पाहिजे, असं ती म्हणाली होती ते प्रेक्षक हवा म्हणून नव्हतं. ज्याचं नाव, त्यानं खाली यायचं. ती मला आमच्याच रीतीप्रमाणे बोलवायला आली होती.

अण्णा कुठूनतरी परत आले आणि जाता जाता म्हणाले, 'घातलंस का नाव?'

'आधीच होतं,' मी म्हणालो.

'आधीच म्हणजे?'

'तिनं घातलं होतं. माझं वर, तिचं खाली.' आणि मग बाकीचंही सांगितलं. सोमवारची दुपार, ती चार ओळींची सोय, जिना, पाण्याचा ग्लास. अण्णा ऐकत राहिले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, 'कागलला जाऊन ये.' मी गेलो. तिच्या वडिलांनी चहा दिला. ती बाहेरच्या खोलीत आली, भुवईवरची पट्टी अजून निघाली नव्हती. मी सगळं सांगितल्यावर तिनं त्या पट्टीला हात लावून पाहिला. मग म्हणाली, 'तुम्ही हे सांगायला नको होतं सर. आता मला तुमचा राग येणार.' आणि आत निघून गेली. मी कप खाली ठेवला आणि चपला घातल्या.

शुक्रवारी प्लगइन पुन्हा लावलं. चार नंबरवरच, त्याच पार्टवर. हिंदुरावांनी या वेळी आधी हवेत चालवलं, एकेक ओळ. मग कास्टिंग चकच्या जबड्यात घट्ट धरलं. दार पूर्ण ओढायला गेले, तर ते जुनं दार मधेच अडकलं. हातभर फट राहिलीच.

वृषाली उभी होती त्या जागेवर मी उभा होतो. खाली पुसूनही एक काळपट डाग राहिला होता, त्याच्यावर.

'साहेब, जरा मागं सरा,' हिंदुराव म्हणाले. 'तुमचं काय काम हितं?'

'राहू द्या,' मी म्हणालो. 'माझं नाव आहे त्यावर.'

हिंदुरावांनी हिरवं बटण दाबलं.